नावडत्याचं मीठ

[दृश्य: इतवारीतली गर्दी. ढोल-ताशे. काळी मारबत हळूहळू पुढे सरकते आहे.]

"ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!"

तान्ह्या पोळ्याचा दिवस. १८८१ पासून काळी आणि १८८५ पासून पिवळी मारबत नागपुरात निघते. वर्षभराची पीडा या बाईच्या पुतळ्याच्या अंगावर टाकायची, गावाबाहेर न्यायची आणि जाळून मोकळं व्हायचं. हे आमच्या हाडात भिनलेलं. म्हणून असेल कदाचित, कोंडलेली पीडा स्वतःच्या हाताने मोकळी सोडणारा हिरो आमच्या पोरांना झेपला नाही.

[दृश्य: मे महिन्यातली दुपार. खिडकीतला कूलर. टेबलावर जुना डबडा मॉनिटर.]

तो हिरो म्हणजे २००८ च्या डिसेंबरात आलेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या व्हिडिओ गेमचा. पीसीवर हा गेम कॉपीचं कुलूप न लावताच आला. आमच्याकडे कुलूपवाले गेमही कुठे थांबत होते म्हणा! गल्लीभर फिरला आणि गल्लीभर शिव्या खाऊन आला.

"हा तं मरतच नाही बे!"

मुख्य तक्रार हीच. कड्यावरून पडलात की हिरोसोबत फिरणारी एलिका हात धरून वर ओढते. लढाईत मार बसला तरी तीच धावून येते. मग खेळायचं काय?

मी तेव्हाही भांडायचो, आजही भांडतो. इतर गेममध्ये मेल्यावर काय होतं? पडदा काळा, लोडिंग, आणि तुम्ही मागच्या जागी उभे. इथेही तुम्ही शेवटच्या पक्क्या जमिनीवरच परत येता. लढाईत तर तिने वाचवलं की शत्रूची ताकद पुन्हा भरते. शिक्षा तीच आहे. फक्त लोडिंगच्या जागी एका माणसाचा हात आहे. पण त्या हातामुळे पोरांचा मान दुखावला, हे माझं स्पष्ट मत.

दुसरी तक्रार हिरोच्या स्वभावाची. हा नावापुरता प्रिन्स. खरं तर सोन्याच्या मागे भटकणारा, तोंडाळ, वादळात हरवलेलं गाढव शोधत फिरणारा. गाढवाचं नाव फराह! २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम'मधल्या राजकन्येचं नाव गाढवाला दिलेलं पाहून आमच्यातल्या जुन्या भक्तांचं डोकंच फिरलं.

[दृश्य: फुटाळ्याच्या काठावरची संध्याकाळ. संगीत थांबतं.]

आता शेवट. ज्याला खेळायचाय त्याने व्हिडिओ इथेच बंद करावा.

अहरिमन हा अंधाराचा देव. त्याला कोंडून ठेवण्यासाठी तुम्ही अख्खा गेमभर एकेक ओसाड जागा हिरवी करत जाता. एलिका आधीच एकदा मेलेली असते, बापाने अहरिमनशी सौदा करून तिला परत आणलेलं असतं. अखेरचं कुलूप लावताना ती पुन्हा जीव देते. काम झालं. पण कंट्रोल अजून तुमच्या हातात असतो. बाहेर चार झाडं. चारही तोडायची, मग देवळातला जीवनवृक्षही. ती जागी होते, अहरिमन सुटतो, केलेली सगळी मेहनत पाण्यात. तिने जाब विचारल्यावर प्रिन्सपाशी उत्तर नसतं.

प्रिन्सने बापाचीच चूक केली, आणि तलवारीचं बटण मी दाबलं. त्या रात्री मी बराच वेळ मॉनिटरसमोर बसून होतो. पुढची गोष्ट सांगणारा 'एपिलॉग' २००९ मध्ये आला, तो प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर. पीसीवाल्यांना ठेंगा.

[दृश्य: वहीत पेन्सिलीने काढलेली रेखाटनं.]

'सँड्स ऑफ टाइम'च्या रिमेकची घोषणा २०२० मध्ये झाली. काम होतं हे गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीच्या आपल्याच पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंकडे. ट्रेलरवर टीका झाली आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं. २०२६ मध्ये तो रद्दच झाला, पण लाडक्या लेकाचे एवढे लाड तरी झाले; २००८ वाल्याच्या रिमेकचं नावही कोणी काढत नाही. नावडत्याचं मीठ अळणी!

तर माझ्या मनातला त्याचा रिमेक. एलिकाचा हात राहणारच. वाटेत गोळा करायचे प्रकाशाचे ते १००१ कण मात्र निम्म्याहून कमी करा. गेम संपवायला ५४० लागायचे, तेवढ्यातच जीव मेटाकुटीला यायचा. चित्राची ती हाताने रंगवल्यासारखी ढब तशीच ठेवा.

आणि शेवटची झाडं. प्रत्येक घावाला पडद्यावर एक जागा दिसावी, तुम्ही घसरलात आणि तिने हात धरला ती. तुमच्याच खेळातली. जो जास्त पडला, त्याच्या झाडाला जास्त घाव. "मरतच नाही" म्हणणाऱ्याला तेव्हा कळेल, कितीदा मेला असता ते.

डबिंग मात्र वऱ्हाडीतच पाहिजे. वादळातून धूळ झटकत तो येतो, समोर एलिका, मागे सैनिक, आणि त्याचं पहिलं वाक्य:

"अवो, गाढव पाह्यलं का माह्यं?"

[दृश्य: पुन्हा इतवारी. मारबत पुढे निघून गेलेली. रस्त्यावर उलट्या दिशेने चालणारा एकटा माणूस.]