४२० विरुद्ध १

(पडद्यावर: पावसाळी दिवस. कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, ओल्या पायऱ्या.)

१४ सप्टेंबर २००१. वॉशिंग्टन. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळून जेमतेम तीन दिवस झालेत. नॅशनल कॅथीड्रलमधल्या शोकसभेला निघालेल्या बसेस बाहेर थांबल्यात, आणि एक बाई घाईघाईनं पायऱ्या उतरतायत. हातात जिंजर एलचा कॅन तसाच. जायचं की नाही, हे त्यांचं अगदी शेवटच्या क्षणी ठरलं.

या बार्बरा ली. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड आणि बर्कली भागाच्या खासदार.

कॅथीड्रलमध्ये धर्मगुरू नेथन बॅक्स्टर यांच्या प्रार्थनेतलं एक वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं. ज्या दुष्टपणाचा आपण धिक्कार करतो, तोच आपण होऊन बसू नये, अशा अर्थाचं. त्याच दिवशी प्रतिनिधीगृहात ठराव आला. हल्ल्यामागे जे कोणी असतील, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ज्यांना तसं ठरवतील, त्यांच्याविरुद्ध लष्करी बळ वापरायला मोकळीक. ठरावाचा गाभा इंग्रजीत अवघ्या ६० शब्दांचा. त्यात ना कुठल्या देशाचं नाव, ना कसली मुदत.

ली बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. घाई करू नका, आपल्यातल्या कुणीतरी संयमाचा आग्रह धरला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. शेवट त्यांनी प्रार्थनेतल्या त्या वाक्यानंच केला.

(पडद्यावर: मतदानाचा फलक.)

बाजूनं ४२०. विरोधात १. सिनेटमध्ये तर ९८ विरुद्ध शून्य.

मत बदला, असं सांगायला सहकारी येत होते. त्यातले काही खरोखर काळजीपोटी. इथं एक गोष्ट विसरता कामा नये: ली यांना हल्ल्याचं दुःख नव्हतं, हा आरोप मुळातच पोकळ होता. त्याच हल्ल्यात पेनसिल्व्हेनियात कोसळलेल्या विमानात त्यांच्याच कार्यालय प्रमुखाची चुलतबहीण हवाई सेविका होती. ली स्वतः एका लष्करी अधिकाऱ्याची मुलगी, शिक्षणानं समाजकार्यातल्या. दुःखाच्या भरात माणसानं मोठे निर्णय घेऊ नयेत, हे त्या पुढंही सांगत राहिल्या. त्यांचा आक्षेप कोऱ्या चेकला होता.

मग फोन सुरू झाले. देशद्रोही. दहशतवाद्यांची हस्तक. जिवे मारण्याच्या धमक्या इतक्या, की कॅपिटॉल पोलिसांचं संरक्षण घ्यावं लागलं.

पण टपालात दुसऱ्या तऱ्हेची पत्रंही होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांचं. दक्षिण आफ्रिकेतून आर्चबिशप डेस्मंड टुटू यांचं. आणि असंख्य अनोळखी लोकांची.

(पडद्यावर: ओकलंड सिटी हॉल. गर्दी. हातांनी रंगवलेले फलक.)

ऑक्टोबर २००१. अफगाणिस्तानवर बॉम्बफेक सुरू झालेली. ओकलंडच्या सिटी हॉलसमोर लोक जमले. फलकांवर लिहिलं होतं: 'बार्बरा ली माझ्या वतीनं बोलतात.'

या वाक्यात 'आम्ही तुमच्या पाठीशी आहोत' असला उपकाराचा सूर नाही. जे मत वॉशिंग्टनमध्ये एकटं, तऱ्हेवाईक ठरवलं गेलं, ते आपलंच आहे, असं मतदार सांगत होते. शिवी द्यायचीच तर आम्हालाही द्या.

अर्थात, सगळ्यांना असा मतदारसंघ मिळत नाही. १९४१ मध्ये पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर जपानविरुद्धच्या युद्धाला प्रतिनिधीगृहात एकट्या खासदार जेनेट रँकिन यांनी विरोध केला. ३८८ विरुद्ध १. चिडलेल्या गर्दीपासून वाचायला त्या टेलिफोन बूथमध्ये शिरल्या आणि तिथूनच पोलिसांना बोलावलं. पुढची निवडणूक त्या लढल्याच नाहीत. १९६४ मध्ये टोंकिनच्या आखाताच्या ठरावाला, म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या परवानगीला, सिनेटमध्ये दोघांनीच विरोध केला: वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग. १९६८ मध्ये दोघांच्याही जागा गेल्या.

ली यांच्यामागे मात्र चळवळींनी दशकानुदशकं मशागत केलेली जमीन होती. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलणारे रॉन डेलम्स याच भागाचे खासदार. ली त्यांच्याच कार्यालयात घडल्या आणि १९९८ मध्ये त्यांच्याच जागी निवडून आल्या. म्हणून २००२ ची निवडणूक सोपी गेली. ८१ टक्क्यांहून जास्त मतं.

पण त्या ठरावातून झालेल्या कायद्याचं काय? फलकांनी तो हलला नाही. अल कायदासाठी केलेल्या त्या ६० शब्दांचा आधार पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी येमेन, सोमालिया, सीरियातल्या कारवायांनाही घेतला. ली वारंवार तो रद्द करण्याचा प्रस्ताव घेऊन हजर. जून २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या खर्चविषयक समितीनं खर्चाच्या विधेयकात तो कायदा रद्द करणारी त्यांची दुरुस्ती मान्य केली, तेव्हा खोलीत टाळ्या वाजल्या. पाठिंबा देणाऱ्यांत रिपब्लिकन सदस्यही होते. काही आठवड्यांत, विधेयक सभागृहात जाण्याआधीच, ती दुरुस्ती गुपचूप वगळली गेली.

(पडद्यावर: पुन्हा सिटी हॉल, आजचा.)

जानेवारी २०२५ मध्ये ली यांची खासदारकी संपली. २००१ चा कायदा अजून लागू आहे. त्याच वर्षी मे महिन्यात त्या ओकलंडच्या महापौर झाल्या. ज्या इमारतीसमोर लोक फलक घेऊन उभे होते, त्यांचं कार्यालय आता तिच्या आत आहे.