तीन वायरी आणि पक्का डाग

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतलं हे मामाचं टेबल. मामा मोटर रिवाइंडिंग करतो, निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांचे जळालेले पंप त्याच्याकडे येतात. आज मात्र टेबलावर माझ्या धाकट्या भावाची आरसी, म्हणजे रिमोटवर पळणारी कार आलीय, नवी ब्रशलेस मोटर बसवायची आहे, ३६ मिलिमीटर जाडीची, मुठीत मावेल एवढी. मामाने तिच्या तीन वायरी बघितल्या आणि म्हणाला, "अरे, ही तर आपली थ्री फेजच की!"

खरंच तसं आहे. आत ब्रश नाहीत, वाइंडिंग जागेवर थांबलेलं आणि फिरतं ते मॅग्नेट. बॅटरी देते डीसी, तो तीन वायरींत आळीपाळीने सोडायचं काम ईएससी करतो, म्हणजे स्पीड कंट्रोलर. मोटरवर ३३०० केव्ही लिहिलंय, ते किलोव्होल्ट नाही हं, एका व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे. दोन सेलची लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, ७.४ व्होल्टची, गुणून बघा, लोड नसताना मिनिटाला २४ हजाराच्या वर जातात.

आता सोल्डरिंग, म्हणजे डाग देणं, खरी गंमत इथेच आहे. भावाने घरी २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने प्रयत्न केला होता, जाड तांब्याची वायर सगळी उष्णता ओढून घेते, मग सोल्डर नुसतं वर गोळा होऊन बसतं, आत शिरतच नाही. मामा ६० वॅटचं, रुंद टोकाचं घेतो. आणि आधी वायरला टिनिंग करतो. टिनिंग म्हणजे काय, तर आपल्या भांडीबाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचे ना, तेच, भांडं तापलं की कथील आपोआप पसरायचं. इथेही सोल्डर आयर्नच्या टोकाला नाही, तापलेल्या वायरला लावायचं. फरक एकच, कल्हईला नवसागर चालतो, इथे फक्त राळेचा फ्लक्स, नाहीतर तांबं हळूहळू खाल्लं जातं.

हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आकसून घट्ट बसणारी नळी, वायरीत आधीच ओवून मागे सरकवून ठेवा, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण डाग देऊन झाल्यावर वायरीच्या टोकाच्या बुलेट कनेक्टरवरून, म्हणजे गोल पिनेवरून, ती जाईलच असं नाही. लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडून कनेक्टर त्यात उभा केलाय, त्याच्या मागची खोलगट वाटी अर्धी भरेल एवढं सोल्डर वितळवायचं, वायर आत सोडायची आणि थिजेपर्यंत हात हलवायचा नाही. साठ-चाळीसचं, म्हणजे साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं असलेलं सोल्डर १९० अंशांच्या आत थिजतं, ते दोन-तीन सेकंद फार महत्त्वाचे. हात हलला की जोड राखाडी, खरखरीत होतो, वरून धरल्यासारखा दिसतो पण आतून कच्चा. ६० अँपिअर वाहत असतील आणि जोडात एक मिलीओहम जरी जास्तीचा राहिला तरी साडेतीन वॅटच्या वर उष्णता त्या एवढ्याशा जागेत.

बॅटरीकडच्या दोन वायरी मामा दोनदा तपासतो. लाल-काळी उलटी लागली तर ईएससी गेलाच समजा.

चाकं हवेत ठेवून हळूच थ्रॉटल दिला. कार उलटी फिरतेय! शेतकऱ्यांना हे सांगायला नको, पंप उलटा फिरला की दोन फेज बदलतात, इथेही तिन्हीतल्या कुठल्याही दोन बदलल्या की झालं. पण हे फक्त सेन्सर नसलेल्या मोटरला, सेन्सर म्हणजे मॅग्नेट कुठे आहे ते ईएससीला सांगणारा. सेन्सरची वेगळी केबल असेल तर ए ला ए, बी ला बी, सी ला सी, अजिबात अदलाबदल नाही, दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदलायची.

संध्याकाळी डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर पाच मिनिटं गाडी पळाली, धूळ उडवत, भाऊ मागे धावतोय. परत आल्यावर मामाने बॅटरी काढली आणि तिन्ही जोडांवर बोट ठेवून बघितलं. दोन कोमट, मधला चांगलाच गरम.

"हा उघड," मामा म्हणाला, "परत करू."