दोन काचांमधलं घर

काचेखाली जो ठिपका सरकतोय, ती पूर्ण वाढ झालेली मुंगी आहे. लांबी जेमतेम 2 ते 3 मिलिमीटर. प्रजातीचं नाव टेम्नोथोरॅक्स. रानात यांची अख्खी वसाहत ओकच्या एका पोकळ फळात मावते. म्हणूनच घरी दोन काचपट्ट्या आणि मध्ये पुठ्ठ्याची चौकट एवढी जागा त्यांना पुरते. वर लाल पारदर्शक कागद टाकायचा, कारण तांबडा उजेड मुंग्यांना फारसा जाणवत नाही.

सुरुवात बहुधा एकट्या राणीपासून होते. परीक्षानळीच्या तळाशी पाणी, ते अडवणारा कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाशी दुसरा बोळा. नळी अंधारात ठेवायची. बऱ्याच जातींची राणी या काळात काहीच खात नाही. पंख गळलेले असतात, उडायचे स्नायू आता निरुपयोगी. तेच अंगात जिरवून ती पहिली पिल्लं वाढवते. तिला सारखं उजेडात धरलं तर ती बिथरते, कधी स्वतःची अंडी खाते. इथे आठवडेच्या आठवडे हात आवरता आला पाहिजे.

पुढे साखरपाणी द्यायचं, तेही कापसात भिजवून, कारण उघड्या थेंबात एवढासा जीव बुडतो. फळमाशीचा तुकडा अळ्यांसाठी. मोठ्या मुंग्यांच्या गळ्याखाली घट्ट अन्न उतरत नाही.

आता वरची काच उचलूया. छप्पर गेलं. शेजारी दुसरं, अंधारं घर तयार आहे. एक मुंगी ते शोधते, परत येते आणि दुसरीला मागे घेऊन निघते. मागची आपल्या मिशांनी पुढचीला स्पर्श करत राहते. स्पर्श थांबला की पुढची थबकते, वाट पाहते. 2006 साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या नायजेल फ्रँक्स आणि टॉम रिचर्डसन यांनी याला सरळ 'शिकवणं' म्हटलं. मला तो शब्द अगदी योग्य वाटतो, कारण मागचीसाठी थांबताना पुढचीचा स्वतःचा वेळ जातो.

नव्या घरात पुरेशा मुंग्या जमल्या की मात्र शिकवणी बंद. जणू सभेची गणपूर्ती झाली! आता एकेकीला उचलूनच न्यायचं. हा वेग चालवत नेण्याच्या साधारण तिप्पट. अंडी, अळ्या, कोष, सगळं हलतं.

जुन्या काचेवर एखादी अजून कोपरे तपासत फिरतेय. ती निघेपर्यंत काच उचलायची नाही.