टेस्ट पास, तरी कव्हरेज शून्य?

नमस्कार मंडळी. टेस्ट चालताना कोडच्या किती ओळी खरंच चालल्या, ते मोजणं म्हणजे कव्हरेज. पायथनमध्ये पायटेस्टच्या टेस्टसोबत ही मोजणी करणारं प्लगइन म्हणजे पायटेस्ट-कव्ह. त्याची आवृत्ती ७ आल्यापासून एकच प्रश्न येऊन राहिला: "भाऊ, स्क्रिप्टच्या सगळ्या टेस्ट पास, अन् कव्हरेज शून्य. कसं काय?"

इन्स्टॉल करणं, टेस्ट चालवणं तुम्हाला येतंच, ते सोडतो.

आर्वीजवळ आमचं गाव. इथं वेचणीची मजुरी किलोवर. संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो, प्रत्येकीचं गाठोडं मोजून वहीत किलो चढतात. त्या वहीवरून मजुरी काढायची माझी स्क्रिप्ट आहे. टेस्ट तिला सबप्रोसेस म्हणून, म्हणजे वेगळा प्रोग्राम म्हणून चालवते. आता काटा आपल्या धुऱ्यावर, अन् बाया वेचून राहिल्या पल्याडच्या वावरात, तर वहीत काय येईल? सबप्रोसेस हे पल्याडचं वावर. तिथं नवा पायथन उठतो, त्यात मोजणी सुरूच झालेली नसते.

पायटेस्ट-कव्हच्या आत मोजणी करणारं पॅकेज कव्हरेज-पाय. त्याच्या २०२५ मधल्या ७.१० पासून उपाय एका ओळीचा आहे. सेटिंगच्या फाइलीत, 'रन' खाली, 'पॅच' ला 'सबप्रोसेस' द्या. पायटेस्ट-कव्ह ७ नं सबप्रोसेस मोजायची स्वतःची सोय काढून टाकली, म्हणून ही ओळ आता तुम्हालाच लिहावी लागते.

तरी शून्य? मग टेस्टमध्ये सबप्रोसेस चालवताना दिलेला 'एन्व्ह' पाहा. माझ्या दोन रात्री यातच गेल्या. मोजणी सुरू करायचा निरोप एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्रामसोबत जाणाऱ्या नाव-किंमतीच्या जोडीतून जातो. 'एन्व्ह' म्हणजे अशा जोड्यांची यादी, अन् किल्ली म्हणजे जोडीतलं नाव. तुम्ही 'एन्व्ह' मध्ये एकच किल्ली दिली की बाकी सगळं पुसलं जातं. भर पडत नाही, जुनं जाऊन नवं येतं!

एका ताईंनी लिहिलं, "मी 'एन्व्ह' मध्ये पाथ (प्रोग्राम कुठं शोधायचे ते सांगणारी किल्ली) देते, स्क्रिप्ट चालते." चालणारच, ताई. पाथनं स्क्रिप्ट चालते, पण निरोप पोचत नाही. म्हणून आधी ओएस-एन्व्हायर्नची, म्हणजे चालू प्रोग्रामच्या पूर्ण यादीची नक्कल घ्या, मग त्यात आपली किल्ली टाका. खात्री करायची तर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ओएस-एन्व्हायर्न छापा. 'कव्हरेज' नं सुरू होणारं नाव दिसलं नाही, तर निरोप वाटेतच सांडला. नक्कल घ्या, कोरा डबा पाठवू नका.

पायटेस्ट-कव्ह ऐवजी 'कव्हरेज रन' ही कमांड वापरत असाल तर शेवटी 'कव्हरेज कंबाइन' चालवा. प्रत्येक प्रोसेस आपली वेगळी फाइल लिहिते, त्या यानं एकत्र होतात.

हे जमल्यावर माझ्या रिपोर्टमध्ये एक ओळ लाल राहिली, म्हणजे कोणत्याच टेस्टमध्ये चालली नव्हती. किलोचा रकाना कोरा असला तर मजुरी शून्य धरणारी. म्हणजे वहीत आकडा राहिला की त्या बाईचा दिवस बुडाला. तिथं शून्य काढून थेट एरर टाकला, अन् टेस्ट त्याच रात्री लिहिली.