किंग्ज रोडवरच्या भिंती

(दृश्य: ड्रॉइंग बोर्ड. कागदावर पेन्सिलीची एक रेघ सावकाश पुढे सरकते.)

साल १९४४. महायुद्ध चालू आहे. लॉस एंजेलिसच्या एका विमान कारखान्यात ड्राफ्टिंग, म्हणजे आराखडे रेखाटण्याचं काम, करणाऱ्या चाळिशीच्या एका बाईंना वास्तुकला शिकायची आहे. विद्यापीठ त्यांना नाउमेद करून परत पाठवतं. वय उलटलेलं, त्यातून बाईमाणूस!

तेवढ्यात कानावर येतं, की किंग्ज रोडवरच्या रुडॉल्फ शिंडलर या वास्तुविशारदाचा ड्राफ्ट्समन सैन्यात गेलाय. बाई जाऊन भेटतात. शिंडलर त्यांना कामावर घेतो.

या बाई म्हणजे एस्थर मकॉय. कॅलिफोर्नियातल्या आधुनिक वास्तुकलेचा इतिहास पुढे त्यांनीच लिहिला. जन्म १९०४चा, आर्कान्सातला. बालपण कॅन्ससमध्ये गेलं. न्यूयॉर्कला असताना त्यांनी कादंबरीकार थिओडोर ड्रायझर यांच्यासाठी संशोधनाचं काम केलं होतं. कथाही लिहीत. म्हणजे कागदपत्रं धुंडाळणं आणि माणूस वाचणं, दोन्ही हाताशी होतं. शिंडलरकडे तिसरी गोष्ट मिळाली: घर उभं कसं राहतं, हे हाताने शिकणं.

(दृश्य: शिंडलरचं घर. बांबूंच्या आडून दिसणारी करडी भिंत.)

ही भिंत नीट बघा. १९२२ सालची. काँक्रीटचे हे पट्टे आधी जमिनीवरच आडवे ओतले, वाळल्यावर उचलून उभे केले. दोन पट्ट्यांमध्ये अरुंद फट, आणि त्या फटीत काच. आत येणारा उजेड रेघेसारखा येतो. मकॉयबाई याच घरात, शिंडलरच्या कचेरीत बसून काम करत होत्या.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९३२ साली आधुनिक वास्तुकलेचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात शिंडलर नव्हता. मकॉयबाईंनी १९४५ साली त्याच्यावर लेख लिहिला. मला या लेखाचं मोल फार वाटतं. ज्याची रेखाटनं रोज हाताखालून जातात, त्याच्याबद्दल अंदाजाने लिहावं लागत नाही.

आणि भिंती आडव्या ओतून उभ्या करण्याची ती रीत? शिंडलरच्या आधी आयर्विंग गिल या वास्तुविशारदाने ती वापरली होती, कॅलिफोर्नियातल्याच ला होया इथल्या विमेन्स क्लबच्या इमारतीत. गिल १९३६ साली वारला, तेव्हा लोक त्याला जवळजवळ विसरले होते. १९६० साली मकॉयबाईंचं ‘फाइव्ह कॅलिफोर्निया आर्किटेक्ट्स’ आलं. मेबेक, ग्रीन बंधू आणि शिंडलर यांच्या पंगतीत त्यांनी गिललाही बसवलं.

(दृश्य: जुनी फिल्म. पांढऱ्या भिंतीवर झाडाची सावली.)

गिलचं डॉज हाउसही किंग्ज रोडवरच होतं, शिंडलरच्या घराच्या समोर. १९१६ सालचं. सपाट छत, नक्षीचा लवलेश नाही, भिंतीवर फक्त ऊन. साठच्या दशकात ते पाडायचं घाटू लागलं. मकॉयबाई वर्षानुवर्षं लढल्या. १९६५ साली त्यांनी त्या घरावरचा लघुपट लिहिला, लोकांना ते घर डोळ्यांनी दिसावं म्हणून.

फेब्रुवारी १९७०. डॉज हाउस पाडलं गेलं.

(पाच सेकंद शांतता.)

त्या लिहीत राहिल्या. १९४५ सालापासून एका मासिकाने वास्तुविशारदांकडून नव्या तऱ्हेची घरं आखून घेतली होती, ‘केस स्टडी हाउसेस’ या नावाने. त्यांवरचं पुस्तक त्यांनी १९६२ सालीच लिहिलं होतं. १९८९ साली लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयाने त्याच घरांचं प्रदर्शन भरवलं आणि त्याच्या ग्रंथात मकॉयबाईंचा लेख होता. त्या डिसेंबरच्या अखेरीस त्या गेल्या. प्रदर्शन अजून चालू होतं.

तिथे पूर्ण आकाराची दोन घरं उभारली होती. त्यातलं एक राल्फ रॅप्सनचं. १९४५ साली कागदावर उतरलेलं आणि तोवर कधीच न बांधलेलं.

(दृश्य: पेन्सिलीची रेघ. ती भिंतीच्या कोपऱ्यापाशी येऊन वळते.)