बर्था क्रुप: कंपनी तिची, खुर्ची त्याची

(दृश्य: टेकडीवरचा वाडा, खाली रूर नदी)

जर्मनीतलं एसेन शहर. 269 खोल्यांचा हा वाडा म्हणजे व्हिला ह्यूगेल. 22 नोव्हेंबर 1902 ला पोलाद आणि तोफांच्या क्रुप कारखान्याचे मालक फ्रिडरिश आल्फ्रेड क्रुप इथेच वारले. त्यांच्या खासगी आयुष्याची लक्तरं एका वर्तमानपत्रानं वेशीवर टांगली, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. मुलगा नव्हता, दोन मुली होत्या. धंद्याची वाटणी करायची नाही, ही आजोबांच्या वेळची शिस्त. त्यामुळे सगळं थोरलीकडे आलं. पोलाद, तोफा, खाणी, जहाजांची गोदी आणि चाळीस हजारांहून जास्त कामगार. थोरली, बर्था, तेव्हा 16 वर्षांची होती.

(दृश्य: जुने भागपत्र)

1903 मध्ये कारखान्याची भागभांडवली कंपनी झाली. एकूण भाग 1,60,000. त्यातले फक्त चार दुसऱ्यांच्या नावावर, तेही कायद्याला पाच संस्थापक लागत होते म्हणून. उरलेले 1,59,996 बर्थाचे. मालकी इतकी एकहाती असूनही तिनं संचालकांच्या टेबलाशी बसावं, हे त्या काळात कुणाच्या डोक्यातही आलं नसावं. ती सज्ञान होईपर्यंत आई मार्गारेटे यांनी विश्वस्त म्हणून लक्ष घातलं. रोजचा कारभार संचालकांच्या हातात होता.

मग लग्नाचा विषय निघाला. अशा मुलीचं लग्न घरापुरतं राहत नाही. तिचा नवरा उद्या सैन्याच्या तोफा ओतणार, म्हणजे बर्लिनचंही लक्ष असणारच.

1906 मध्ये रोमला तिची ओळख गुस्टाफ फॉन बोहलेन उंड हालबाख यांच्याशी झाली. व्हॅटिकनमधल्या प्रशियाच्या वकिलातीत ते काम करायचे. वय 35, शिस्तीचे, वक्तशीर. हा नवरा खुद्द कैसरनंच, म्हणजे जर्मन सम्राटानंच शोधला, अशी वदंता पुढे उठली. तिला ते मनापासून आवडले असतील, हेही अगदी शक्य आहे. पण या घरात नुसत्या आवडीवर काही ठरत नव्हतं, एवढं मात्र खरं.

(दृश्य: लग्नाचं छायाचित्र)

15 ऑक्टोबर 1906. वाड्यात लग्न लागलं आणि कैसर दुसरा विल्हेल्म जातीनं हजर राहिला. त्यानं एक परवानगी दिली: नवऱ्यानं बायकोचं आडनाव लावायचं. गुस्टाफ झाले क्रुप फॉन बोहलेन उंड हालबाख. मात्र 'क्रुप' हे नाव पुढे एकाच वारसाला मिळणार, ज्याच्याकडे कंपनी जाईल त्याला. बाकीची भावंडं नुसती बोहलेन. सख्ख्या भावंडांत आडनावावरून मालक ओळखायचा, असा हा घरजावयाचा करार. लेकीच्या लग्नानिमित्त आईनं कामगार आणि सामान्य लोकांसाठी वसाहत उभारायला निधी दिला. मार्गारेटेनह्योहे नावाची ती वसाहत आजही एसेनमध्ये आहे.

पुढे खुर्ची गुस्टाफकडे गेली. बर्थाला मुलं झाली. वाडा, पाहुणे आणि कामगारांची घरं तिनं सांभाळली. 1914 मध्ये बेल्जियममधल्या लीजच्या किल्ल्यांवर क्रुपच्या 42 सेंटीमीटर तोफा धडाडल्या. सैनिकांनी त्या तोफेला नाव दिलं 'जाडी बर्था'. संचालकांच्या बैठकीत जिला जागा नव्हती, तिचं नाव रणांगणावर मात्र पोचलं.

(दृश्य: 1930 च्या दशकातला वाडा)

आता पाळी मुलाची. थोरल्या आल्फ्रीडनं 1937 मध्ये एका घटस्फोटित स्त्रीशी लग्न केलं. ही सून आईवडिलांना पसंत नव्हती. आर्न्ट नावाचा मुलगा झाला, तरी 1941 मध्ये घरच्यांच्या दबावापुढे आल्फ्रीडनं घटस्फोट घेतला. वारसासाठी स्थळ कसं बघतात, हे बर्थानं विशीत अनुभवलं होतं. मुलाच्या वेळी तिनं वेगळं काही केलं नाही. मला तिच्या चरित्रातली सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच वाटते.

1943 मध्ये हिटलरनं खास फर्मान काढलं आणि बर्थानं मालकी सोडून ती आल्फ्रीडला दिली. युद्धात दोन मुलगे गेले. सक्तीनं आणलेल्या मजुरांना राबवल्याबद्दल आणि व्यापलेल्या देशांतली मालमत्ता लुटल्याबद्दल 1948 मध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायालयानं आल्फ्रीडला 12 वर्षांची शिक्षा ठोठावली. 1951 मध्ये तो सुटला. बर्था 1957 मध्ये गेली.

(दृश्य: एसेन, 1960 चं दशक)

1966 मध्ये नातू आर्न्टनं वारसाहक्क सोडला आणि वर्षासन घेतलं. पुढच्या वर्षी आल्फ्रीड वारला. कंपनी प्रतिष्ठानाकडे गेली, आणि 1906 च्या अटीप्रमाणे आर्न्ट शेवटपर्यंत नुसता फॉन बोहलेन उंड हालबाखच राहिला.