मेंदू नुसतं गिऱ्हाईक नाही

स्टिरॉइड म्हटल्यावर जिममधली इंजेक्शनं कोणाकोणाला आठवली, हात वर करा बघू. बरेच आहेत. दम्याचा पंप? तेही आहेत. आणि मेंदू? एकही हात नाही, म्हणूनच मी हा विषय मागून घेतला.

एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत मी म्हटलं होतं की मेंदूसुद्धा स्वतःची स्टिरॉइड बनवतो. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, मेंदू गिऱ्हाईक आहे, दुकान अधिवृक्क ग्रंथीचं, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं. पुढे बोलूच दिलं नाही. मला ते अजून लागतं, कारण पेपर तेव्हा छापून आलेला होता, १९८१ चा. पॅरिसचे एतिएन-एमिल बोल्यू, तेच ते, गर्भपाताच्या मिफेप्रिस्टोन गोळीवाले, २०२५ मध्ये ९८ व्या वर्षी गेले. त्यांच्या टीमने उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी काढल्या, वृषणंही काढली, म्हणजे दोन्ही दुकानं बंद, आणि बरेच दिवस थांबून मेंदू तपासला तर डीएचइए सल्फेट नावाचं स्टिरॉइड तिथे होतंच. मग ते आलं कुठून? मला या प्रयोगाचं फार कौतुक आहे, कारण प्रश्न किती साधा विचारलाय बघा, माल येणं बंद केलं तर घरात काय उरतं? यातूनच त्यांनी न्यूरोस्टेरॉइड, म्हणजे मेंदूत बनलेलं स्टिरॉइड, हा शब्द काढला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मुख्य गोष्ट आता भराभर सांगते.

कच्चा माल कोलेस्टेरॉल, आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत जवळजवळ शिरतच नाही, मेंदू स्वतःचं बनवतो. ते पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात गेलं की प्रेग्नेनोलोन होतं, त्याचं प्रोजेस्टेरॉन, आणि पुढची दोन एन्झाइमं त्याचं ॲलोप्रेग्नॅनोलोन करतात, ते गाबा-ए रिसेप्टरवर, म्हणजे चेतापेशींना शांत करणाऱ्या संदेशाच्या ग्राहकावर, बसून मेंदूची धावपळ शांत करतं. किती बनवायचं याचं नियंत्रण एन्झाइमवर. जपानी लावा पक्ष्याच्या मेंदूत इस्ट्रोजन बनवणारं अरोमॅटेज हे एन्झाइम फॉस्फेट चिकटला की काही मिनिटांत मंदावतं, म्हणजे जीन चालू-बंद व्हायची वाट बघत बसायची गरजच नाही.

आता बाळंतपण. गरोदरपणी ॲलोप्रेग्नॅनोलोन खूप वाढलेलं असतं, वार पडली की धाडकन उतरतं, काही बायकांचा मेंदू हा उतार पेलू शकत नाही. माझ्या मावशीला तेव्हा सगळे म्हणायचे, बाळाकडे बघ आणि रडणं सोड. अमेरिकेत २०१९ मध्ये हेच रसायन ब्रेक्सानोलोन नावाने प्रसूतीनंतरच्या डिप्रेशनवर मंजूर झालं, ६० तासांची सलाइन, २०२३ मध्ये त्याच्याच जातीची झुरानोलोन गोळी, १४ दिवसांची. मावशी रडत होती त्याला कारण होतं हो.

वेळ संपली. झेब्रा फिंच या गाणाऱ्या पक्ष्याचं राहिलंच, नराला मादी भेटली की अर्ध्या तासात मेंदूच्या ऐकण्याच्या भागात इस्ट्रोजन वाढतं, ते कसं मोजलं हे ऐकायचं असेल तर चहाला माझ्याजवळ या.